हप्ते फेडताना घरखर्चाचं अंदाजपत्रक टिकवायचं कसं?



सातवीला आपण ‘बँक व सरळव्याज’ शिकवतो, आठवीला चक्रवाढव्याज आणि नववीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचं अख्खं प्रकरण आहे. मुद्दल, दर, मुदत ही उदाहरणं फळ्यावर आपण झटपट सोडवतो. पण त्याच शिक्षकाच्या पगारातून सोसायटीचा हप्ता, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता कापला गेला की वीस तारखेला खिसा रिकामा होतो, आणि वर्गात समोर बसलेल्या मुलाच्या घरी कापसाचे पैसे येऊन महिना झाला तरी दुकानदाराची उधारी तशीच असते. गणित दोघांनाही येतं. मग अडतं कुठं, ते आज बघू या.

हा लेख जळगाव-धुळ्याकडच्या घरांना समोर ठेवून लिहिला आहे. कर्जाबद्दलचे बरेच सल्ले मोठ्या शहरातल्या नोकरदारासाठी लिहिलेले असतात. त्यात आखाजी नसते, कानबाईचे रोट नसतात, पीककर्जाचं नवं-जुनं नसतं आणि जामीनकी तर नसतेच नसते. आपल्याकडचं अंदाजपत्रक मोडतं ते नेमकं याच ठिकाणी.

‘तीन टक्के’ म्हणजे किती?

सुरुवात भाषेपासून करू. बँकेत ‘बारा टक्के’ म्हटलं की ते वर्षाचे असतात. गावात ‘तीन टक्क्यानं घेतले’ म्हटलं की ते महिन्याचे असतात. म्हणजे शेकड्याला महिना तीन रुपये, वर्षाला छत्तीस. ‘शेकडा पाच’ म्हणजे वर्षाला साठ! कानाला मात्र तीन हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो. अडीनडीच्या वेळी, कागद न मागता, दहा मिनिटांत पैसे हातात देणारा माणूस समोर असला की हा गुणाकार कोणी करत नाही. तुमच्या कर्जांची यादी कराल तेव्हा पहिलं काम हे करा, की प्रत्येक दर वर्षाच्या भाषेत लिहा.

दुसरी गफलत ‘फ्लॅट’ दराची. समजा एक लाख रुपये तीन वर्षांसाठी बारा टक्क्यांनी घेतले. दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर व्याज लावलं तर हप्ता साधारण ३,३२१ रुपये येतो आणि तीन वर्षांत मिळून व्याज जातं सुमारे १९,६०० रुपये. पण दुकानदार किंवा फायनान्सवाला ‘फ्लॅट बारा टक्के’ म्हणाला तर तो पूर्ण एक लाखावर तिन्ही वर्षं व्याज धरतो. व्याज ३६,००० आणि हप्ता ३,७७८ रुपये. तुम्ही मुद्दल फेडत चाललेले असता तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर चालूच! हा दर उरलेल्या मुद्दलाच्या हिशेबानं बघितला तर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणून मोबाइल असो, फ्रीज असो की मोटारसायकल, विचारायचा प्रश्न ‘हप्ता किती?’ हा नाही. ‘एकूण किती रुपये भरायचे?’ हा आहे.

सावकाराच्या दराबद्दलही सांगून ठेवतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा आहे. परवानाधारक सावकारासाठी शासनानं ठरवलेले कमाल दर असे : शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के आणि इतरांना तारण १५, विनातारण १८ टक्के. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही त्यात आहे. म्हणजे ‘शेकडा पाच’ हा दर परवाना असो वा नसो, कायद्यात बसतच नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. तक्रार करणं सोपं नसतं, माणसं ओळखीची असतात, पुढच्या वेळी दारात उभं राहायचं असतं, हे मला कळतं. पण आपला हक्क माहीत असला की वाटाघाटीत तरी आवाज वर निघतो.

सगळं एका पानावर

आता एक कोरं पान घ्या. नवरा-बायको दोघांनी मिळून बसा. एकट्यानं करण्याचं हे काम नाही, कारण जवळजवळ प्रत्येक घरात दुसऱ्याला माहीत नसलेलं एखादं देणं असतं. कोणाचे भिशीचे दोन हप्ते थकलेले असतात, कोणी शालकाकडून हातउसने घेतलेले असतात, बचत गटाचं कर्ज असतं, सराफाकडे बाकी असते. कोणाला द्यायचं, किती उरलं, वर्षाचा दर किती, महिन्याला किती जातात, असे चारच रकाने करा.

पगारदारांनी पगाराची स्लिप नीट वाचावी. ‘शालार्थ’वरून निघणाऱ्या स्लिपमध्ये शासकीय कपाती वेगळ्या आणि सोसायटीची कपात वेगळी असते. आपल्या भागात नोकरदारांच्या पतपेढ्यांची परंपरा मोठी आहे. जळगावची सरकारी नोकरांची सहकारी पतपेढी, जिला आपण सगळे ‘ग. स. सोसायटी’ म्हणतो, तिनं शंभरी ओलांडली आहे. सावकाराच्या दारात जाण्याऐवजी नोकरदारांनी आपलेच पैसे एकमेकांना रास्त व्याजानं द्यावेत, हा अशा संस्थांमागचा विचार. अनेक मास्तरांची घरं, मुलींची लग्नं, मुलांची शिक्षणं अशा कर्जांवरच झाली. पगारातून परस्पर कपात करण्याची सोय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहे.

ही कपात शिस्तीची आहे, हप्ता चुकत नाही. पण तिचा एक तोटाही आहे. जे पैसे हातात येतच नाहीत ते कर्ज डोळ्याआड होतं. मग निम्मं कर्ज फिटलं की ‘वाढीव कर्ज’ काढायचं, जुनं वळतं करायचं, उरलेली रक्कम हातात घ्यायची. हप्ता तोच राहतो, म्हणून काही वाटत नाही. निवृत्तीच्या वर्षापर्यंत असं करत गेलेले लोक तुम्हीही पाहिले असतील. अंदाजपत्रक करताना कपात ‘गेलीच’ म्हणून सोडू नका. मिळकत कपातीच्या आधीची लिहा आणि सोसायटीचा हप्ता खर्चात लिहा. दिसलं की टोचतं, आणि टोचलं पाहिजे.

घर महिन्याच्या किराण्यानं बुडत नाही

माझं मत असं आहे की तेल-डाळ-भाजीवर काटकसर करण्यात आपण फार शक्ती घालवतो. चहाचा कप मोजणारे लोक जूनमध्ये वीस हजारांचं कर्ज काढतात. अंदाजपत्रक मोडतं ते वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांनी, आणि गंमत म्हणजे त्यातला एकही अचानक येत नाही. आखाजी दर वर्षी येते. लेकी माहेरी येतात, मांडे होतात, लुगडं-बांगडी होते. श्रावणात कानबाई येते, गावाबाहेरचे भाऊबंद घरी येतात. जूनमध्ये शाळा उघडते. दिवाळी येते. लग्नसराईत आहेर असतात, आणि मामा असलात तर विचारूच नका. गाडीचा विमा तर तारखेसह ठरलेला असतो.

एक घर समोर धरू, काल्पनिक. नवरा माध्यमिक शाळेत, बायको घर आणि थोडं शिवणकाम बघते, दोन मुलं शिकतात, आईवडील सोबत. या घराचे वर्षाचे खर्च मांडू. शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश १८,०००, दिवाळी १५,०००, आखाजी आणि कानबाई मिळून १०,०००, लग्नांचे आहेर व प्रवास १२,०००, गाडीचा विमा आणि दुरुस्ती ६,०००, दवाखान्यासाठी ११,०००. एकूण झाले ७२,०००. बाराने भागा. महिन्याला सहा हजार.

हे सहा हजार म्हणजे बचत नाही, हे लक्षात घ्या. हा खर्चच आहे, फक्त त्याची तारीख पुढची आहे. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात, गव्हाच्या कोठीत नोटा ठेवत आणि त्या कशासाठी आहेत ते त्यांना पक्कं माहीत असे. तेच करायचं आहे, फक्त डब्याऐवजी पोस्टातलं किंवा बँकेतलं वेगळं खातं. त्या खात्याचं एटीएम कार्ड पाकिटात ठेवू नका. जास्त व्याज मिळतं म्हणून हे पैसे कुठल्याही पतसंस्थेत टाकू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. बीएचआर पतसंस्थेत ठेवी अडकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता याच घराचा महिना लावू. सरकारी कपाती जाऊन मिळकत ६२,०००. सोसायटीचा हप्ता ११,०००, घराचा हप्ता १४,०००. राहिले ३७,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज, पेट्रोल, मोबाइल मिळून १८,०००. आईवडिलांची औषधं ३,०००, मुलांची शिकवणी ३,०००. राहिले १३,०००. याशिवाय दोन देणी आहेत. दागिने ठेवून काढलेलं एक लाखाचं सोनेतारण, महिन्याला एक टक्का व्याज, म्हणजे १,००० रुपये. आणि क्रेडिट कार्डाची ४०,००० बाकी, महिन्याला साडेतीन टक्के.

तेरा हजारांतून सहा हजार वर्षाच्या डब्यात. एक हजार सोन्याचं व्याज. पाच हजार कार्डाला. उरले एक हजार. ते पाचशे-पाचशे दोघांच्या हातात, आणि त्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. ही शेवटची ओळ काढून टाकावीशी वाटेल. काढू नका. ज्या अंदाजपत्रकात एक भजीप्लेट बसत नाही ते दुसऱ्या महिन्यात मोडतं, आणि मोडलं की ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणून वही बंद होते.

कोणतं आधी फेडायचं?

कार्डाचं गणित बघा. ४०,००० वर साडेतीन टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज १,४०० रुपये. ‘कमीत कमी रक्कम’ भरत राहिलात, समजा २,००० रुपये, तर मुद्दलात फक्त ६०० जातात. दर महिना २,००० भरत हे कर्ज फिटायला ३५ महिने लागतात आणि भरलेली रक्कम होते ७०,०००. तेच ५,००० भरले तर दहा महिन्यांत संपतं आणि एकूण जातात सुमारे ४७,८००. व्याजावरचा जीएसटी वेगळाच. अर्थात या काळात कार्ड वापरायचं नाही. नवी खरेदी त्यावर झाली की सगळं गणित फिसकटतं.

दहा महिन्यांनी कार्ड संपलं की ते पाच हजार घरखर्चात मिसळू द्यायचे नाहीत. खरी कसोटी इथंच लागते. व्याजाचे एक हजार अधिक हे पाच हजार, असे सहा हजार सोन्याला लावले तर एकोणीस महिन्यांत दागिने घरी येतात. मध्ये मुदत संपेल तेव्हा कर्जाचं नूतनीकरण वेळेवर करून घ्यायचं, नाहीतर लिलावाची नोटीस येते. एकूण एकोणतीस महिने, म्हणजे अडीच वर्षांच्या आत. या काळात पगारवाढ किंवा महागाई भत्त्याचा फरक मिळाला तर मुदत आणखी कमी होते. फरकाची रक्कम येण्याआधीच ती कुठं जाणार ते वहीत लिहून ठेवा, कारण आल्यावर तिला पाय फुटतात.

तर नियम असा, जास्त दराचं आधी. याला मी एक अपवाद करतो. नात्यातलं बिनव्याजी हातउसनं. गणितानं ते सगळ्यात शेवटी यायला हवं, कारण व्याज शून्य. पण बहिणीच्या नवऱ्याकडून घेतलेल्या साठ हजारांचं व्याज वेगळ्याच रूपात जातं. बहीण आखाजीला यायचं टाळते, फोन कमी होतात. त्यांना दर महिन्याला हजार का होईना, पण ठरलेल्या तारखेला द्या. किती उरले ते मेसेजवर लिहून पाठवा. घराच्या कर्जाची घाई मात्र सगळ्यात शेवटी. त्याचा दर बहुधा कमी असतो. पुढे हातात रक्कम आली आणि दर फ्लोटिंग असेल, तर मुदतीआधी भरल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासून तो बंद केला आहे.

पगार कमी असणाऱ्यांचं काय, असं विचाराल. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० झालं. त्यात खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे गेले की वरचं कोष्टक बसत नाही, हे मान्य. अशा वेळी फेड वाढवण्याचा आग्रह धरू नये. नवं कर्ज न होऊ देणं आणि एक महिन्याचा खर्च बाजूला साठवणं, तीन वर्षं एवढं झालं तरी पुष्कळ.

शेतकरी पालकांसाठी

शेतकऱ्याला ‘महिन्याचं बजेट करा’ म्हणणं म्हणजे थट्टा आहे. कापूस वेचणीप्रमाणे दिवाळीच्या आसपास येऊ लागतो, भाव बघून थोडा-थोडा विकला जातो. केळीचा भाव तर रोज बदलतो. पण आपल्याकडे वर्षाच्या हिशेबाची जुनी पद्धत आहेच. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. घराचाही हिशेब तसाच आखाजी ते आखाजी मांडता येतो.

इथं महिन्याऐवजी ‘पैसा आला त्या दिवशीची वाटणी’ महत्त्वाची. कापसाची पट्टी हातात पडली की त्याच दिवशी, घरी पोचण्याआधीच म्हणा, चार वाटे पाडायचे. पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, जूनमधलं बियाणं-खत आणि मुलांची शाळा. उरेल ते घरखर्चाचं, आणि ते पुढची रक्कम यायला जितके महिने आहेत तितक्यांनी भागायचं.

पीककर्जाचा वाटा पहिला का? खरिपाचं कर्ज साधारणपणे ३१ मार्चपर्यंत भरायचं असतं. वेळेत भरलं तर केंद्राच्या आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेच्या सवलती मिळून तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा बोजा शेतकऱ्यावर पडत नाही. तारीख चुकली की सवलत जाते. इतकं स्वस्त कर्ज दुसरं कुठलंही नाही. तरी कापसाचे पैसे लग्नात किंवा ट्रॅक्टरच्या हप्त्यात जातात आणि मार्चअखेर आठ-पंधरा दिवसांसाठी खाजगीत पैसे उचलून नवं-जुनं केलं जातं. त्या पंधरा दिवसांचं व्याज आणि मध्यस्थाचा खर्च मिळून शून्य टक्क्यांचं कर्ज महाग होऊन बसतं. आणि बँकेचं नवं कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला तर पंधरा दिवसांचे दोन महिने होतात.

जामीनकी : यादीत न दिसणारं कर्ज

हा भाग खास शिक्षकांसाठी. आपल्या स्टाफरूममध्ये ‘तू मला जामीन, मी तुला’ हे इतकं सहज चालतं की सही करताना कागदही वाचला जात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. करारात वेगळं काही लिहिलं असेल तरच त्यातून सुटका. शिवाय बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते तुमच्या क्रेडिट अहवालातही दिसतं. हा अहवाल प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो जरूर काढून बघा. आपण कुठं कुठं सह्या केल्या आहेत ते त्यात सापडतं.

म्हणून कर्जांच्या पानावर खाली एक रेघ मारा आणि जिथं जिथं जामीन आहात ती नावं व रकमा लाल शाईनं लिहा. नवीन कोणी सही मागितली तर त्याची शालार्थची स्लिप बघायला मागा. हातात पडणारा पगार किती उरतो ते बघा. मागायला संकोच वाटतो, खरं आहे. पण जो सहकारी स्लिप दाखवायला संकोचतो त्याला सही द्यायला आपण का संकोचू नये? नाही म्हणायचं असेल तर ‘घरात दोघांनी ठरवलंय, स्वतःचं कर्ज फिटेपर्यंत नवी जामीनकी नाही’ एवढं पुरतं.

मुलांना सांगायचं का?

सांगायचं, पण वयाप्रमाणे. पाचवीच्या मुलाला कर्जाचा आकडा सांगून झोप उडवू नये. त्याला ‘या वर्षी सायकल नाही, पुढच्या दिवाळीला’ एवढं पुरतं, मात्र ती दिवाळी पाळायची. आठवी-नववीच्या मुलांना वहीच हातात द्यावी. वीजबिल, दूध, पेट्रोल यांची नोंद त्यांनी करावी. शिक्षकांनी चक्रवाढव्याज शिकवताना एकदा ‘महिना तीन टक्के’ दरानं दहा हजारांचं वर्षाचं गणित द्यावं. उत्तर येतं १४,२५८. वर्ग गप्प होतो, कारण काही मुलांनी तो दर घरात ऐकलेला असतो. त्या वेळी ‘तुमच्या घरी आहे का असं कर्ज?’ हा प्रश्न मात्र वर्गात कधीही विचारू नये.

फिटल्यावर

कर्ज फिटलं की पेढे वाटण्याआधी कागद गोळा करा. बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या. शेतीवर बोजा असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावरून बोजा कमी झाल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. घराचं कर्ज असेल तर मूळ खरेदीखत परत घ्या. सही करून दिलेले कोरे चेक मोजून परत मागा आणि तिथंच फाडा. सोनं सोडवताना पावतीवरचं वजन आणि हातातलं वजन जुळवा. तुमच्या जामीनदारांनाही दाखल्याची एक झेरॉक्स द्या. त्यांच्या वहीतही तुमचं नाव लाल शाईत असेल, ते त्यांना खोडता आलं पाहिजे.